पावसाळी ताप, टायफॉइड आणि अझिथ्रोमायसिन: ही गोळी राखून का ठेवायची?

सायली_नेरूळ | १४ जुलै, रात्री ९:४०

मी वाशीतल्या एका लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजी विभागात काम करते. पाऊस लागला की तापाच्या पेशंटांच्या ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या, बाटल्या वाढतात. फॉर्मवर 'आधी कुठलं अँटिबायोटिक घेतलं आहे का' असा रकाना असतो आणि त्यात बहुतेक वेळा एकच नाव दिसतं: अझिथ्रोमायसिन. कुणी दोन गोळ्या घेतलेल्या असतात, कुणी तीनचं पाकीट संपवलेलं असतं. घसा खवखवला, नाक वाहायला लागलं, अंग मोडून आलं, कशालाही हीच गोळी.

टायफॉइडवर तोंडाने घ्यायची जी मोजकी औषधं आपल्याकडे भरवशाची राहिली आहेत, त्यांत अझिथ्रोमायसिन सगळ्यात वरचं आहे. तेच आपण सर्दीवर उधळतोय. धागा काढला तो एवढ्यासाठीच.

थोडा मागचा इतिहास. साल्मोनेला टायफी या जंतूवर १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल चाललं. पुढे अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्साझोल आलं. १९९० च्या सुमारास या तिन्हींना एकदम न जुमानणारे जंतू भारतीय उपखंडात पसरले, तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिनने हात दिला. आज आपल्याकडच्या बहुतेक टायफी जंतूंवर सिप्रोचा भरवसा धरता येत नाही. उरलं काय? सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं, त्याच घराण्यातली सेफिक्झिमची गोळी आणि अझिथ्रोमायसिन. २०१६ मध्ये पाकिस्तानच्या सिंध प्रांतातल्या हैदराबादेत जी साथ सुरू झाली, तिच्यातल्या जंतूंवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही चालेना. तिथे गोळी म्हणून फक्त अझिथ्रोमायसिन हाताशी राहिलं. नाहीतर मेरोपेनेमसारखं शिरेतून द्यायचं महागडं औषध. आणि २०१९ मध्ये बांगलादेशातून बातमी आली की काही टायफी जंतूंनी अझिथ्रोमायसिनलाही दाद देणं सोडलंय. औषध पेशीबाहेर फेकणारा एक पंप जंतूकडे असतो, त्याच्या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललं, आणि तेवढं पुरलं.

औषध काम कसं करतं तेही सांगते, कारण ते समजलं की पुढची चर्चा सोपी होईल. जंतूच्या पेशीत प्रथिनं तयार करणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. त्याचे दोन भाग, एक मोठा आणि एक लहान. मोठ्या भागात एक अरुंद बोगदा असतो. सोऱ्यातून शेव उतरावी तशी नवी प्रथिनाची साखळी त्यातून बाहेर येते. अझिथ्रोमायसिन ज्या घराण्यातलं आहे ती मॅक्रोलाइड औषधं या बोगद्याच्या तोंडाशी, आतल्या बाजूला जाऊन बसतात. साखळी थोडी वाढते आणि अडकते. काही प्रथिनं तरीही निसटून तयार होतात हे अलीकडच्या संशोधनात दिसलंय, पण जंतूची वाढ थांबते. जंतू मरतोच असं नाही. त्याला रोखून धरायचं काम औषधाचं आणि निपटून काढायचं काम आपल्या प्रतिकारशक्तीचं.

आपल्या पेशींतही रायबोसोम आहेत, मग ते का अडत नाहीत? औषध जिथे चिकटतं तिथे जंतूच्या रायबोसोमल आरएनएमध्ये २०५८ व्या जागी अ‍ॅडेनीन असतं. माणसात त्या जागी ग्वानीन आहे. एका अक्षराचा फरक, आणि औषधाला धड बसायला जागाच मिळत नाही. मला शिकताना या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं होतं, अजूनही वाटतं.

तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा. डॉक्टर, केमिस्ट मंडळी असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

कोपरखैरणेकर | १४ जुलै, रात्री १०:१५

ताई, माहिती उत्तम. पण एक विचारतो. ही गोळी आम्ही काय मनाने घेतो? सुरुवातीला डॉक्टरांनीच लिहून दिलेली असते. एकदा बरं वाटलं की पुढच्या वेळी तेच नाव दुकानात जाऊन सांगतो. दवाखान्यात दोन तास बसायचं, फी द्यायची, आणि शेवटी तीच गोळी हातात पडणार असेल तर माणूस काय करेल? आणि सर्दी-खोकल्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फरक पडतो हे तर मी स्वतः पाहिलंय.

डॉ_खारघर | १४ जुलै, रात्री ११:०५

कोपरखैरणेकर, तुमचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. यात आम्हा डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. २०१९ च्या विक्रीच्या आकड्यांवरून भारतातल्या खासगी बाजाराचा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात जास्त खपलेलं एकेकटं अँटिबायोटिक उत्पादन निघालं अझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅची गोळी. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकांचे गट पाडले आहेत. रोजच्या वापराची वेगळी, आणि ज्यांच्यावर नजर ठेवायची ती वेगळी. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन ही तिन्ही मॅक्रोलाइड औषधं नजर ठेवायच्या गटात आहेत. म्हणजे जे जपून वापरायचं तेच आपल्याकडे पहिल्या नंबरावर.

दुसरा मुद्दा. सर्दी विषाणूंमुळे होते, विषाणूला स्वतःचा रायबोसोमच नसतो, त्यामुळे सायलीताईंनी सांगितलेला बोगदा तिथे नाहीच. साधी सर्दी तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणच उताराला लागते. आपण गोळी दुसऱ्या दिवशी सुरू करतो आणि श्रेय गोळीला जातं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मॅक्रोलाइडना जंतू अडवण्यापलीकडे सूज आणि कफ कमी करण्याचा वेगळा गुण आहे. जपानमध्ये डिफ्यूज पॅनब्राँकायोलायटिस नावाचा फुप्फुसांचा आजार होता, त्यात पेशंट काही वर्षांत दगावत. १९८० च्या दशकात शोजी कुदोह यांनी एरिथ्रोमायसिन कमी मात्रेत, महिनोन् महिने देऊन पाहिलं, आणि त्या आजाराचं चित्रच पालटलं. जंतू मारायला अपुरी असलेली मात्रा होती ती. आज ब्राँकिएक्टेसिस, सिस्टिक फायब्रोसिस आणि सीओपीडी अशा फुप्फुसांच्या जुनाट आजारांच्या निवडक पेशंटांना अझिथ्रोमायसिन आठवड्यातून ठरावीक दिवस दीर्घकाळ देतात, ते याच धाग्याने. पण ते छातीच्या तज्ज्ञाने, ईसीजी आणि श्रवणशक्ती तपासून, क्षयरोगासारखे जंतू नाहीत याची खात्री करून द्यायचं औषध आहे. चार दिवसांच्या सर्दीला त्याचा आधार घेता येत नाही.

फर्मेंटर_तुर्भे | १५ जुलै, सकाळी ७:२०

सायली, छान लिहिलंस बेटा. मी निवृत्त माणूस. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत आणि त्याआधी गुजरातेत फर्मेंटेशन विभागात आयुष्य गेलं. औषध पेशीत काय करतं ते तू सांगितलंस, ते येतं कुठून ते मी सांगतो.

या घराण्यातलं पहिलं मोठं औषध एरिथ्रोमायसिन. आमच्या पिढीला ते अल्थ्रोसिन म्हणून माहीत. ते मातीतून आलं. फिलिपीन्समधल्या इलोइलो प्रांतातले आबेलार्दो अगिलार हे डॉक्टर एली लिली कंपनीसाठी काम करत. १९४९ मध्ये त्यांनी तिथल्या मातीचे नमुने अमेरिकेला कंपनीकडे पाठवले. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी एरिथ्रोमायसिन वेगळं केलं, १९५२ मध्ये ते बाजारात आलं. कंपनीने 'इलोसोन' हे नाव इलोइलोवरून ठेवलं. गावाचं नाव औषधाला लागलं, पण अगिलार यांना रॉयल्टी कधी मिळाली नाही. हे वाचलं की मला अजूनही वाईट वाटतं.

तो जिवाणू म्हणजे सॅकरोपॉलिस्पोरा एरिथ्रिया. पूर्वी त्याला स्ट्रेप्टोमायसिस म्हणत. दिसतो बुरशीसारखा, धागे धागे काढतो, पण आहे जिवाणूच. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो तो जिओस्मिनचा, आणि ते जिओस्मिन याच जातकुळीतले जिवाणू तयार करतात. आमच्या सीड लॅबमध्ये अशा जिवाणूंचा फ्लास्क उघडला की तोच वास.

मी स्वतः एरिथ्रोमायसिनच्या बॅचवर नव्हतो, दुसऱ्या अँटिबायोटिकवर होतो, पण तऱ्हा तीच. हजारो लिटरची टाकी, सोयापीठ, साखर, तेल, खालून निर्जंतुक हवा आणि सतत फिरणारा अ‍ॅजिटेटर. सुरुवातीला जिवाणू नुसता वाढतो, औषध काहीच देत नाही. खाणं कमी पडायला लागलं की मग औषध बनवायला घेतो. तो काळ आठवड्याभराचा असू शकतो. त्यात एकदा जरी बाहेरचा जंतू शिरला तरी टाकीच्या टाकी गटारात. रात्रपाळीला दर तासाला पीएच, हवा आणि फेस पाहायचा. फेस वर चढून फिल्टर ओला झाला की बॅच गेली म्हणून समजा. काचेच्या झरोक्यातून फेस चढताना दिसला की धावत जाऊन अँटिफोम, म्हणजे फेस मारणारं द्रव्य, सोडायचा. पाइपवर हात ठेवला तरी वाफेची लाइन नीट चालू आहे की नाही ते कळायचं.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. अझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन आजही एरिथ्रोमायसिनपासूनच बनतात. आधी जिवाणूकडून एरिथ्रोमायसिन करून घ्यायचं, मग रसायनशाळेत त्याला बदलायचं. आपल्याकडे गोळ्या प्रचंड बनतात, पण मूळ कच्चा माल, एरिथ्रोमायसिन थायोसायनेट, मुख्यतः चीनमधून येतो. २०२० मध्ये सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आणली, तिच्यात पेनिसिलिन जी बरोबर हाही माल आहे. फर्मेंटेशनचं कसब आपल्याकडे होतं. ते आपण हातचं जाऊ दिलं असं माझं स्पष्ट मत आहे.

रसायन_ठाणे | १५ जुलै, सकाळी ११:५०

काका, थोडी रसायनशास्त्राची भर घालतो. मी ठाण्याला एमएस्सी करतोय, ऑरगॅनिकला.

एरिथ्रोमायसिनच्या रेणूत १४ अणूंचं मोठं कडं असतं आणि त्याला डेसोसामाइन आणि क्लॅडिनोज अशा दोन साखरा लटकलेल्या असतात. जिवाणू हे कडं कसं बांधतो ते पाहण्यासारखं आहे. तीन अजस्र प्रथिनं, त्यांत मिळून सहा मोड्यूल, म्हणजे कामाचे सहा टप्पे. पहिला तुकडा तीन कार्बनचा, त्याला प्रत्येक टप्प्यावर एक तुकडा जोडला जातो, लागेल तिथे घडवला जातो आणि साखळी पुढच्या टप्प्याकडे सरकते. सहा टप्पे झाले की दोन्ही टोकं जुळून कडं तयार. ज्या जनुकांवर हे लिहिलेलं आहे ती १९९०-९१ मध्ये केंब्रिजच्या पीटर लेडलींच्या गटाने आणि अ‍ॅबट कंपनीच्या लेनर्ड कॅट्झ यांच्या गटाने उलगडली. माणसाने हाच रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून बांधायचा ठरवला तेव्हा रॉबर्ट वुडवर्ड यांच्यासारख्या नोबेलविजेत्याला भलीमोठी टीम लागली, आणि ते काम छापून आलं १९८१ मध्ये, वुडवर्ड गेल्यानंतर दोन वर्षांनी.

आता अझिथ्रोमायसिन का हवं होतं? एरिथ्रोमायसिनला पोटातलं आम्ल सोसत नाही. कड्यात नवव्या जागी एक कीटोन आहे, आम्लात सहाव्या जागेवरचा हायड्रॉक्सिल गट त्याच्यावर वळतो आणि रेणू निकामी होतो. यावर दोन उपाय निघाले. जपानच्या तैशो कंपनीने सहाव्या जागेवरच्या हायड्रॉक्सिलला मिथाइल गट लावून त्याला गप्प केलं, ते क्लॅरिथ्रोमायसिन. युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबच्या प्लिवा कंपनीत स्लोबोदान जोकिच, गाब्रियेला कोब्रेहेल आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये कीटोनच काढून टाकला. आधी कीटोनचं ऑक्झाइम हे नायट्रोजनवालं रूप केलं, मग बेकमन पुनर्रचना ही अणूंची जागा बदलणारी अभिक्रिया, आणि कड्यात एक नायट्रोजन घुसवून ते १५ अणूंचं केलं. अझिथ्रोमायसिन ते. १९८८ मध्ये त्यांनी ते 'सुमामेड' नावाने आणलं. पाश्चात्त्य बाजारासाठी हक्क फायझरने घेतले होते.

बेकमन पुनर्रचना आम्हाला बीएस्सीलाच शिकवतात, पण ती या गोळीत आहे हे वर्गात कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

सायली_नेरूळ | १५ जुलै, दुपारी २:३०

@रसायन_ठाणे, वा! आणि तो एक नायट्रोजन टायफॉइडच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. साध्या एरिथ्रोमायसिनला साल्मोनेलासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूच्या बाहेरच्या पडद्यातून आत शिरताच येत नाही. जादा नायट्रोजनमुळे अझिथ्रोमायसिनवर दोन धन भार येतात आणि त्याला तो पडदा बऱ्यापैकी पार करता येतो.

शिवाय टायफीचा जंतू लपतो कुठे? आपल्याच पांढऱ्या पेशींत, मॅक्रोफेजमध्ये. अझिथ्रोमायसिन पेशीतल्या आम्लधर्मी कप्प्यांत शिरतं, तिथे भारित होतं आणि अडकून बसतं. रक्तात त्याची पातळी अगदी कमी, पण या पेशींच्या आत तिच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त. शरीरातून निम्मं व्हायलाच त्याला सुमारे ६८ तास लागतात. तीन दिवसांचा कोर्स संपला तरी औषध आत काम करत राहतं ते यामुळे.

याचीच दुसरी बाजू मला लॅबमधून दिसते. औषध संपता संपता कितीतरी दिवस अगदी कमी पातळीत शरीरात रेंगाळतं. घशातल्या, आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंनाही तेवढ्या वेळात त्याच्याशी जुळवून घ्यायला भरपूर संधी मिळते. सर्दीसाठी घेतलेल्या तीन गोळ्या तीन दिवसांत संपत नाहीत.

केमिस्ट_ऐरोली | १५ जुलै, रात्री ९:१०

दुकानाच्या बाजूने लिहितो. अझिथ्रोमायसिन शेड्यूल एच मधलं औषध, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा नियम. पट्टीवर उभी लाल रेघ असते. ती रेघ ओळखायला शिकवणारी मोहीम केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढली होती. गिऱ्हाइकांपैकी किती जण ती रेघ बघतात? मी विचारून पाहतो, बहुतेकांना ती डिझाइन वाटते.

मी चिठ्ठीशिवाय देत नाही. माणूस रागावतो, 'समोरच्याकडे मिळते' म्हणतो आणि जातो. महिन्याच्या विक्रीवर त्याचा परिणाम होतो, आणि तरी मी देणार नाही. पण एक सुचवतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'पुन्हा देऊ नये' एवढं लिहिलं तरी आमचं काम हलकं होतं. जुनीच चिठ्ठी वर्षभर फिरवणारे खूप आहेत. मोबाइलमध्ये फोटो असतो, तो दाखवतात.

मायलेक_सीवूड्स | १५ जुलै, रात्री १०:००

टायफॉइडचा विषय निघाला म्हणून आठवण करून देते. २०१८ च्या पावसाळ्यात नवी मुंबई महापालिकेने मुलांना टायफॉइड कॉन्जुगेट लस मोफत दिली होती. ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना. माझ्या दोघांना तेव्हाच मिळाली. सार्वजनिक पातळीवर ही लस देण्याची ती जगातली पहिली मोहीम होती हे मला खूप नंतर कळलं! आपल्या शहराबद्दल हे कुणी बोलत कसं नाही?

सायली_नेरूळ | १५ जुलै, रात्री १०:४०

@मायलेक_सीवूड्स, मनापासून धन्यवाद, हे मीच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. पहिल्या टप्प्यात जुलै-ऑगस्टमध्ये १ लाख १३ हजारांहून अधिक मुलांना लस दिली गेली. जुनी पॉलिसॅकराइड लस दोन वर्षांखालच्या बाळांत काम करत नसे. ही नवी लस एकाच डोसात, सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. अँटिबायोटिक वाचवायचा याहून सरळ मार्ग नाही: टायफॉइडच झाला नाही तर अझिथ्रोमायसिन लागणारच नाही. ज्यांच्या मुलांची राहिली असेल त्यांनी बालरोगतज्ज्ञांना विचारा. लस झाली तरी गाडीवरच्या बर्फाच्या गोळ्याची काळजी घ्यायचीच, कारण लस पूर्ण कवच नाही.

कोपरखैरणेकर | १६ जुलै, सकाळी ८:३५

वाचतोय सगळं, डोळे उघडतायत. पण जंतू औषधाला दाद देईनासा होतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि लॅबमध्ये ते दिसतं कसं?

सायली_नेरूळ | १६ जुलै, सायंकाळी ७:५५

छान प्रश्न. सविस्तर उत्तर देते, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

औषध बनवणारा मातीतला जिवाणू स्वतःच्याच औषधाने का थांबत नाही, इथून सुरुवात करू. त्यालाही रायबोसोम आहे, त्याच्याही २०५८ जागी अ‍ॅडेनीन आहे. तो त्या अ‍ॅडेनीनवर मिथाइल गट चिकटवतो. औषध तिथे बसूच शकत नाही. हे काम करणाऱ्या एन्झाइमांचं घराणं 'अर्म' म्हणून ओळखलं जातं. स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकससारख्या रोगजंतूंकडेही आज तशीच अर्म जनुकं आहेत.

आणि ही जनुकं किती हिशेबी! काही जंतूंत एन्झाइम नेहमी तयार होत नाही. जनुकाच्या आधी एका छोट्या साखळीचा मजकूर असतो. एरिथ्रोमायसिन आत आलं की रायबोसोम ती छोटी साखळी वाचताना मध्येच अडतो. तो अडला की पुढच्या आरएनएची घडी उलगडते, आणि झाकलेला अर्मचा मजकूर वाचायला मोकळा होतो. म्हणजे औषधाने अडवलेला रायबोसोमच औषधाविरुद्धची तयारी सुरू करून देतो.

हे बशीत डोळ्यांनी दिसतं. पेशंटच्या जखमेतला स्टॅफ आम्ही आगरच्या बशीवर कापसाच्या बोळ्याने सारखा पसरतो. मग एरिथ्रोमायसिनची छोटी कागदी चकती ठेवतो, १५ मायक्रोग्रॅमची, आणि तिच्या शेजारी दीड-दोन सेंटीमीटरवर क्लिंडामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची, २ मायक्रोग्रॅमची. रात्रभर ३५ अंशांना. सकाळी बशी काळ्या कापडावर धरून परावर्तित उजेडात पाहायची. एरिथ्रोमायसिनच्या चकतीला जंतू अगदी चिकटून उगवलेला असतो. क्लिंडामायसिनभोवती मात्र स्वच्छ मोकळं वर्तुळ, आणि ते वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूला सपाट दबलेलं, इंग्रजी 'डी' अक्षरासारखं. त्या बाजूला एरिथ्रोमायसिन झिरपलं, जंतूने अर्म तयार केलं, आणि क्लिंडामायसिनलाही तीच जागा लागत असल्याने तेही तिथे फुकट गेलं. नुसती क्लिंडामायसिनची चकती ठेवली असती तर 'लागू' असा रिपोर्ट गेला असता आणि उपचार फसले असते.

टायफीत गोष्ट वेगळी, तिथे मुख्यतः वर सांगितलेला पंप. टायफीच्या बशीत अझिथ्रोमायसिनच्या चकतीभोवती निदान १३ मिलिमीटरचं मोकळं वर्तुळ मिळालं तर लागू धरतो. ती मोजपट्टी लावताना आकडा तेराच्या जवळ आला की मी पुन्हा मोजते, दुसऱ्या कुणालाही मोजायला लावते.

फर्मेंटर_तुर्भे | १६ जुलै, रात्री ९:३०

मॅक्रोलाइड म्हटलं की आपल्या मातीतलंही एक नाव घ्यायला हवं. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये सुरू झाली. तिथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीच्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून 'हॅमायसिन' शोधलं. जिवाणूचं नाव पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. रसायनाच्या भाषेत तेही मोठ्या कड्याचं मॅक्रोलाइड, पण पॉलिईन जातीचं, बुरशीविरुद्धचं. काळ्या बुरशीच्या वेळी ज्या अँफोटेरिसिन बी साठी लोक २०२१ मध्ये वणवण फिरले, त्याचेच हे नातेवाईक. फक्त रायबोसोमवर नाही, बुरशीच्या पेशीच्या पडद्यावर काम करतात.

रसायन_ठाणे | १६ जुलै, रात्री ९:४५

काका, हे माहीत नव्हतं. पिंपरीला आत्या राहते, आता त्या बाजूला गेलो की कारखाना बघूनच येणार.

नेरूळ_पश्चिम | १७ जुलै, सकाळी ९:००

कोविडमध्ये तर सगळ्यांना अझी दिली होती. मग ती चुकीची होती का?

डॉ_खारघर | १७ जुलै, दुपारी १:१५

सुरुवातीला कुणाकडेच काही नव्हतं, म्हणून वापरली गेली. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दाखल पेशंटांपैकी काहींना अझिथ्रोमायसिन दिलं, काहींना नाही. मृत्यूंत फरक पडला नाही. हे २०२१ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालं. सवय मात्र लोकांना लागून राहिली.

मग ही औषधं द्यायची कधी, ते लिहितो. न्यूमोनिया करणाऱ्या मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा काही उपयोग नाही; तिथे मॅक्रोलाइड. लीजनेला, क्लॅमिडियाचा न्यूमोनिया. डांग्या खोकला, त्यात घरातल्या तान्ह्या बाळाला वाचवण्यासाठी संपर्कातल्यांनाही. घटसर्पात प्रतिविषाच्या जोडीला एरिथ्रोमायसिन. स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप: २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्याच चाचणीत गंभीर पेशंटांना डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही मिळून दिल्याचा फायदा एकेकट्यापेक्षा जास्त दिसला. जठरातल्या हेलिकोबॅक्टरसाठी क्लॅरिथ्रोमायसिन, इतर गोळ्यांसोबत. पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांना घशाच्या स्ट्रेप्टोकोकससाठी. यादी मोठी आहे आणि हे सगळे आजार सर्दीपेक्षा कितीतरी गंभीर आहेत.

आशा_घणसोली | १७ जुलै, दुपारी ४:२०

डॉक्टर, माझ्या सासऱ्यांना हृदयाचा त्रास आहे, कोलेस्टेरॉलची गोळीही चालू आहे. त्यांनी दुकानातून आणून घेतली तर काही धोका?

डॉ_खारघर | १७ जुलै, रात्री ८:०५

आशाताई, हो, आहे. मॅक्रोलाइडमुळे ईसीजीतला क्यूटी हा काळ लांबू शकतो आणि क्वचित ठोक्यांची जीवघेणी गडबड होऊ शकते. अझिथ्रोमायसिनबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये तसा इशारा दिला. हृदयरोग, पोटॅशियम कमी असणं, क्यूटी लांबवणारी इतर औषधं चालू असणं, यांत धोका वाढतो. कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन यकृतातलं एक एन्झाइम अडवतात, त्यामुळे सिम्व्हास्टॅटिनसारख्या गोळीची रक्तातली पातळी भलतीच चढते आणि स्नायू विरघळायला लागतात, मूत्रपिंडावर येतं. अझिथ्रोमायसिनमध्ये हा प्रकार खूप कमी. गाऊटचं कॉल्चिसिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, डिगॉक्सिन, यांतलं काही चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच. सासऱ्यांच्या चालू गोळ्यांची यादी त्यांच्या खिशात लिहून ठेवा.

आणि एरिथ्रोमायसिनने पोटात मुरडा का येतो हे बरेच जण विचारतात. आतडं हलवणाऱ्या मोटिलिन या संप्रेरकाच्या जागेवर ते जाऊन बसतं. पोट रिकामं न होणाऱ्या पेशंटांत आम्ही त्याचा मुद्दाम उपयोग करून घेतो.

कोपरखैरणेकर | १८ जुलै, सकाळी ७:४०

शेवटचा प्रश्न. पोरीला तीन दिवस झाले ताप आहे, १०२ पर्यंत जातो, सर्दी-खोकला नाही, पोट थोडं दुखतंय. आज डॉक्टरांकडे नेतोय. विडाल करू की कल्चर? आणि कल्चरचा रिपोर्ट यायला दिवस लागतात म्हणे, तोवर पोरीला तसंच ठेवायचं?

सायली_नेरूळ | १८ जुलै, सकाळी ८:१०

दादा, विडालवर, म्हणजे टायफॉइडविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात शोधणाऱ्या तपासणीवर, विसंबू नका. पूर्वी झालेल्या संसर्गाने किंवा दुसऱ्याच तापाने ती पॉझिटिव्ह येते, आणि पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असूनही निगेटिव्ह राहू शकते. ब्लड कल्चरबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि रक्त पहिली गोळी पोटात जाण्याआधी द्या. मशीनमध्ये बाटली ठेवल्यावर टायफी असेल तर साधारण एक-दोन दिवसांत इशारा येतो. कुठलं औषध लागू आहे ते कळायला आणखी एक-दोन दिवस. कल्चरलाही सगळे टायफॉइड सापडत नाहीत, अँटिबायोटिक आधी घेतलं असेल तर आणखी कमी. डेंग्यू आणि मलेरियाची तपासणीही आजच करून घ्या, सध्या दोन्ही चालू आहेत.

डॉ_खारघर | १८ जुलै, सकाळी ८:३०

तसंच ठेवायचं नाही. रक्त घेऊन झालं की डॉक्टरांना टायफॉइडचा दाट संशय असेल तर ते त्याच वेळी औषध सुरू करतील, रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर बदलतील. अझिथ्रोमायसिन दिलं तर वजनानुसार आणि साधारण सात दिवस. सर्दीला घेतात तशा तीन गोळ्या इथे चालत नाहीत. ताप पूर्ण उतरायला चार-पाच दिवस लागतात, तो हळूहळू खाली येतो. दुसऱ्याच दिवशी 'लागू पडत नाही' म्हणून बंद करू नका. मात्र उलट्या थांबत नसतील, ती गुंगीत जायला लागली, पोट ताठ झालं किंवा शौचातून रक्त गेलं, तर थेट हॉस्पिटल गाठा.